जुन्या मियाटाचं पेडल पुन्हा पुन्हा खोल जातं: मोठे ब्रेक घेण्याआधी काय तपासावं

माझी गाडी १९९१ची माझदा मियाटा. भारतात ही कधी विकायला आली नाही, म्हणून थोडी ओळख करून देतो. दोन माणसांची, कापडी छपराची गाडी. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. १.६ लिटर, ११६ हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या आसपास. जपानमध्ये हिला युनोस रोडस्टर म्हणायचे. इथे कॅलिफोर्नियात हौसेनं ट्रॅकवर जाणाऱ्यांमध्ये ती खूप दिसते, कारण सुटे भाग सहज मिळतात, हलकी असल्यामुळे टायर लवकर संपत नाहीत आणि वळणात काय चाललंय ते स्टिअरिंगमधून नीट कळतं.

ती घेऊन मी माँटेरेजवळच्या लगुना सेकाला जातो. ३.६ किलोमीटरचा डोंगरातला ट्रॅक, ११ वळणं. एक सेशन २० मिनिटांचं, म्हणजे माझ्या गाडीला साधारण १० फेऱ्या. सकाळचं पहिलं सेशन झकास जायचं, दुसरंही ठीक. दुपारी तिसऱ्या सेशनला पाचव्या-सहाव्या फेरीपासून ब्रेकचं पेडल खोल जायला लागायचं. घरी येऊन मी काहीतरी बदलायचो, पुढच्या खेपेला बरं वाटायचं आणि त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा तेच. जवळजवळ दोन वर्षं हे चाललं.

त्या दोन वर्षांत मी एकाच तक्रारीच्या मागे लागलोय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात तीन वेगळे दोष एकामागून एक येत होते आणि तिन्हींना मी एकच नाव देत होतो: ब्रेक तापले. जुनी गाडी ट्रॅकवर नेणाऱ्या आणि मोठ्या ब्रेकचा संच घ्यायच्या विचारात असलेल्या प्रत्येकानं पैसे देण्याआधी हा फरक समजून घ्यावा, एवढ्यासाठी हे लिहितोय.

पेडल नेमकं कसं वागतं?

लहानपणी वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीतून खंबाटकी घाट उतरताना ते नेहमी सांगायचे, "उतारावर गाडी गिअरवर धरायची, ब्रेकवर नाही." पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. तापलेला ड्रम फुगतो, त्याला आतून घासणारा लायनर त्याच्यापासून लांब राहतो आणि पेडल खोल जातं. त्यामुळे खोल पेडल म्हणजे तापलेले ब्रेक, ही सांगड माझ्या डोक्यात पक्की बसली होती. डिस्क ब्रेकचं तसं नसतं. तिथे पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल ढकलतो, ते कॅलिपरमधले पिस्टन पुढे सारतं आणि चाकाबरोबर फिरणारी डिस्क दोन पॅडमध्ये चिमटली जाते. तापलेली डिस्क जाड होते, पातळ नाही. तिथे पेडल खोल गेलं तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल स्पंजासारखं मऊ होतं. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पाय फरशीपर्यंत जाऊ शकतो. भराभर पंप केलं तर थोडं वर येतं, पण मऊपणा जात नाही. गाडी गार झाल्यावर पेडल बरंचसं सुधारतं, आणि तिथेच माणूस फसतो.

पॅड तापून निकामी झाले तर उलट होतं. पेडल वरच राहतं, दगडासारखं कडक लागतं, जीव खाऊन दाबलं तरी गाडी थांबत नाही. इथे ऑइल कितीही बदललं तरी उपयोग शून्य.

तिसरा प्रकार: पहिल्यांदा दाबलं की पेडल खोल जातं, लगेच सोडून दुसऱ्यांदा दाबलं की नेहमीच्या जागी आणि नेहमीसारखं टणक. पिस्टन कॅलिपरमध्ये मागे ढकलले जातायत, याची ही खूण. हाच प्रकार मला सगळ्यात उशिरा कळला.

आणि चौथा, गाडी उभी असताना तपासता येणारा. इंजिन चालू ठेवून पेडलवर एकसारखा दाब धरा आणि अर्धा मिनिट तसंच राहा. पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचं आतलं रबर गेलंय. तीस वर्षांच्या गाडीत ही तपासणी सगळ्यात आधी करा, फुकटात होते.

ट्रॅकवर यातलं काहीही झालं तर पेडल भराभर पंप करा, गिअर खाली टाका, हात वर करून मागच्यांना कळवा आणि आत या. "ही एक फेरी पूर्ण करतो" असं मीही एकदा केलंय. दुसऱ्या वळणाला रस्ता संपून खडीत गेलो. गाडीला खरचटलं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

उष्णतेचा हिशोब

लगुना सेकाच्या दुसऱ्या वळणाआधी चढ संपतो, गाडी थोडी हलकी होते आणि उतारावर जोराचं ब्रेकिंग करावं लागतं. माझ्या गाडीचा वेग तिथे ताशी १६० किलोमीटरवरून ६५वर येतो. गाडी, मी आणि पेट्रोल मिळून १,०८० किलो धरलं तर त्या काही सेकंदांत सुमारे ८९० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. घरच्या भाषेत सांगायचं तर अडीच लिटरहून जास्त गार पाण्याला उकळी येईल एवढी. आणि हे एका फेरीतलं एक वळण.

यातला जवळपास ७० टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर येतो. एका डिस्कचं लोखंड ४ किलो धरलं तर एका ब्रेकिंगमध्ये तिचं तापमान सुमारे दीडशे अंशांनी वाढतं. ती उष्णता हवेत जायच्या आत पुढचं वळण येतं. फेरीमागून फेरी तापमान चढत जातं आणि कुठेतरी स्थिरावतं. ते कुठे स्थिरावतं, त्यावर तुमचे पॅड आणि ऑइल टिकणार की नाही हे ठरतं.

मोठी डिस्क घेतली की गाडी कमी अंतरात थांबेल, असं अनेकांना वाटतं. मूळ ब्रेक चाक लॉक करू शकत असतील, म्हणजे त्याचं फिरणं थांबवून ते घसरवू शकत असतील, तर एका झटक्यात थांबायचं अंतर टायर ठरवतो, डिस्क नाही. लोखंड वाढलं की दहाव्या फेरीलाही पहिल्या फेरीसारखं थांबता येतं. मोठ्या डिस्कचा खरा फायदा एवढाच आणि ट्रॅकवर तो मोलाचा आहे.

पहिले दोन दोष: ऑइल आणि पॅड

सुरुवातीला माझ्या गाडीत साधे रस्त्यावरचे पॅड होते आणि ऑइल कधी बदललं होतं ते आधीच्या मालकालाही सांगता आलं नाही. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं आणि पाणी मिसळलं की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. ब्रेक ऑइलच्या डॉट नावाच्या श्रेणी असतात, त्यांच्या मानकांचे आकडेच बोलके आहेत: डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ साठी २३० आणि १५५. डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. म्हणजे डब्यावरचा मोठा आकडा हा नव्या ऑइलचा असतो, तुमच्या गाडीत दोन पावसाळे काढलेल्या ऑइलचा नाही.

मी मोटुल आरबीएफ ६०० वापरायला लागलो. त्याचा कोरडा आकडा ३१२ अंश आहे. वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्याला हे किंवा अशा कुठल्याही रेसिंग ऑइलचं वर्षातून एकदा पूर्ण बदललेलं भरण पुरतं. वारंवार जाणाऱ्यांनी दर एक-दोन खेपांनंतर कॅलिपरमधलं ऑइल तरी काढून टाकावं, कारण तापतं ते तिथलंच. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आणि डॉट ५ आणि डॉट ५.१ ही नावं सारखी दिसली तरी वस्तू वेगळ्या आहेत. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांमध्ये मिसळत नाही, ट्रॅकच्या गाडीत घालू नये.

ऑइल बदलल्यावर मऊपणा गेला आणि दुसरा प्रश्न वर आला. आता पेडल कडक राहायचं, पण कॉर्कस्क्रूच्या, म्हणजे एकदम खाली उतरणाऱ्या आठव्या वळणाच्या आधी गाडी थांबायला कां-कूं करायची. पॅड बाहेर काढले तर कडा भुसभुशीत झालेल्या आणि पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत. रस्त्यावरचे पॅड या तापमानासाठी बनवलेलेच नसतात. ट्रॅकचे पॅड घातल्यावर फरक इतका होता की पहिल्या फेरीत मी वळणाच्या कितीतरी आधीच थांबलो.

त्या पॅडचे तोटेही सांगतो. गार असताना ते नीट पकडत नाहीत, सकाळी घराबाहेर पडताना पहिला सिग्नल जपून घ्यावा लागतो. किंचाळतात. डिस्क लवकर खातात. त्यांची राख चाकांवर बसली आणि वर पाणी पडलं तर गंजाचे डाग कायमचे. मी ट्रॅकच्या आदल्या दिवशी बदलतो आणि परत आल्यावर पुन्हा रस्त्याचे घालतो. मियाटाच्या कॅलिपरला हे काम दर चाकाला वीस मिनिटांचं आहे.

कुठले पॅड घ्यायचे हे तापमान मोजल्याशिवाय ठरवू नका. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर लावायचे तीन रंग मिळतात. हिरवा ४३० अंशांना रंग बदलतो, नारिंगी ५६०ला आणि लाल ६१०ला. तीन ठिपके लावा, एक सेशन करा आणि आत येऊन बघा. माझ्या गाडीत हिरवा उडाला होता, नारिंगी अर्धवट, लाल जसाच्या तसा. पॅडच्या माहितीपत्रकात तापमानाची जी पट्टी दिलेली असते तिच्याशी हे ताडून पाहिलं की अंदाजबाजी संपते.

नवे पॅड आणि नवी डिस्क बसवल्यावर एकमेकांना रुळवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा वेळा ताशी १०० वरून २०-३० पर्यंत, पूर्ण न थांबता, दर वेळी थोडं जास्त जोरानं. मग थंड होईपर्यंत ब्रेक न लावता गाडी चालवा. हे टाळलं की पॅडचा थर डिस्कवर ठिकठिकाणी चिकटतो आणि पेडल थरथरायला लागतं. लोक त्याला "डिस्क वाकली" म्हणतात आणि नवी डिस्क आणतात. बहुतेक वेळा तो चिकटलेला थरच असतो. सेशन संपवून आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका आणि उभ्या गाडीत पेडल दाबून धरू नका, तेही याच कारणासाठी. गाडी गिअरमध्ये टाका आणि चाकाला लाकडाचा ठोकळा लावा.

२३५ की २५५

१९९०ते ९३च्या १.६ लिटर मियाटाची पुढची डिस्क २३५ मिलिमीटरची आहे. १९९४पासून १.८ लिटरच्या गाडीला २५५ची आली आणि २००१पासूनच्या स्पोर्ट ब्रेकमध्ये २७०ची. जुन्या गाडीवर २५५चा संच बसवायला त्या गाडीचे कॅलिपर धरणारे ब्रॅकेट, डिस्क आणि पॅड लागतात. भंगारातल्या गाडीवरून ब्रॅकेट मिळतात, बाकी नवीन घ्यायचं. मूळ १४ इंची चाकातही हे बसतं. २७० साठी मात्र १५ इंची चाकं हवीत.

मी पुढे-मागे दोन्हीकडे २५५चा संच टाकला. मागची त्या संचातली डिस्क २५१ मिलिमीटरची आहे. पुढेमागे दोन्हीकडे बदलण्याचं कारण म्हणजे ब्रेकचा तोल. फक्त पुढचे ब्रेक मोठे केले तर पुढची चाकं आधी लॉक होतात आणि मागच्यांच्या वाट्याचं काम होतच नाही. फक्त मागचे वाढवले तर उलटं आणि कितीतरी धोक्याचं: ब्रेक लावताच गाडीची शेपूट पुढे यायला बघते. माझ्या गाडीला एबीएस नाही, त्यामुळे चूक झाकायला कुणी नाही.

एवढं केल्यावर हिरव्या रंगाचा ठिपकाही पूर्ण उडेनासा झाला. उष्णतेचा दोष इथे संपला होता. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण पुरावा डिस्कच्या कडेवर रंगवलेला होता.

स्पेक मियाटा नावाची शर्यत अमेरिकेत वर्षानुवर्षं चालते. तिथे कॅलिपर आणि डिस्क कंपनीच्याच ठेवाव्या लागतात, पॅडची निवड मोकळी असते. चाकाला चाक लावून धावणारे लोक त्याच ब्रेकवर शर्यती जिंकतात. मूळ इंजिन असलेल्या मियाटाला काय पुरतं, याचं उत्तर त्या नियमातच आहे.

चार पिस्टनचा संच आणि परत आलेला त्रास

दोन खेपा चांगल्या गेल्या. तिसऱ्या खेपेला पेडल पुन्हा खोल गेलं आणि मी ठरवून टाकलं की २५५ पण कमी पडते. वर्षभर पैसे साठवून ॲल्युमिनियमच्या चार पिस्टनच्या कॅलिपरचा आणि २७९ मिलिमीटर डिस्कचा संच घेतला.

असा संच निवडताना दुकानदार सांगत नाहीत अशी एक गोष्ट आवर्जून तपासा: पिस्टनचं क्षेत्रफळ. मियाटाच्या मूळ पुढच्या कॅलिपरला साधारण ५१ मिलिमीटरचा एकच पिस्टन आहे, क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस मिलिमीटर. चार पिस्टनच्या कॅलिपरशी तुलना करताना एकाच बाजूचे दोन पिस्टन मोजायचे. ३४.९ मिलिमीटरचे असतील तर सुमारे १,९१०, म्हणजे मूळच्या जवळपास तेवढंच. पण दिसायला अगदी तसाच कॅलिपर ४४.५ मिलिमीटरच्या पिस्टनचाही मिळतो. तिथे क्षेत्रफळ ३,१००, मूळच्या दीडपट. तो घेतला तर प्रत्येक वेळी दीडपट ऑइल ढकलावं लागेल, मूळ मास्टर सिलिंडरवर पेडल कायमचं खोल होईल आणि तोल पुढे झुकेल. मोठे पिस्टन म्हणजे चांगले ब्रेक, असं समजून लोक हाच घेतात. मी नशिबानं छोट्या पिस्टनचा घेतला होता.

तरीही पहिल्याच दिवशी त्रास वाढला. आधी तिसऱ्या सेशनला होणारं आता पहिल्या सेशनच्या तिसऱ्या फेरीला व्हायला लागलं. एवढा खर्च करून हे झाल्यावर मी पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकजवळ गाड्या उभ्या करायच्या जागेत, गाडीच्या सावलीत बराच वेळ नुसता बसून राहिलो.

मग एक साधं काम केलं, जे दोन वर्षांपूर्वी करायला हवं होतं. वहीत ट्रॅकचा नकाशा काढला आणि प्रत्येक सेशननंतर आठवेल तसं लिहिलं: कुठल्या वळणाला पेडल खोल गेलं, कुठल्या नाही. तीन सेशनांनंतर नकाशा स्पष्ट होता. पाचव्या, आठव्या आणि अकराव्या वळणाला पेडल खोल. दुसऱ्या वळणाला एकदाही नाही.

दुसऱ्या वळणाला सगळ्यात जास्त उष्णता तयार होते. दोष उष्णतेचा असता तर तो तिथे आधी दिसला असता. मग पाच, आठ आणि अकरामध्ये सारखं काय? पाचच्या आधी चौथं वळण, वेगानं घ्यायचं उजवं, बाहेर पडताना मी कडेच्या कर्बवर चाक चढवतो. आठच्या आधी सहावं, तेही वेगाचं, तिथे गाडी जोरात दबते. अकराच्या आधी दहावं. तिन्ही ठिकाणी ब्रेकच्या आधी पुढच्या चाकावर आडवा भार पडतो. दुसऱ्या वळणाच्या आधी जवळजवळ सरळ रस्ता.

आणि तिन्ही ठिकाणी दुसऱ्यांदा दाबल्यावर पेडल वर येत होतं. हे मला माहीत होतं, पण कधी लिहून ठेवलं नव्हतं.

हब

गाडी जॅकवर घेतली, पुढचं डावं चाक वर आणि खाली धरून हलवलं. टक्. अगदी बारीक. उजव्यातही, थोडं कमी. चाक ज्या हबवर बसतं त्याच्या बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा होता.

होतं असं: वेगाच्या वळणात आडव्या भारानं हब किंचित कलतो, त्याच्याबरोबर डिस्क कलते आणि ती पॅडमार्फत पिस्टनला कॅलिपरमध्ये मागे ढकलते. नंतर ब्रेक दाबला की आधी ती फट भरून काढावी लागते आणि तेवढ्यात पेडल खाली गेलेलं असतं. आकडा काढून बघा. एका बाजूचे पिस्टन फक्त ०.३ मिलिमीटर मागे गेले, तरी दोन्ही पुढच्या कॅलिपरमध्ये मिळून सुमारे १,२०० घन मिलिमीटर जागा रिकामी होते. २२.२ मिलिमीटरच्या मास्टर सिलिंडरला ती भरायला तीनेक मिलिमीटर सरकावं लागतं. पेडलचं गुणोत्तर ४ धरलं तर पायाखाली साधारण १२ मिलिमीटर. कॉर्कस्क्रूच्या तोंडाशी, जिथे पुढचा रस्ताच दिसत नाही, तिथे पेडल १२ मिलिमीटर जास्त खाली गेलं तर छातीत धस्स होतं.

महागड्या संचानं त्रास का वाढवला, याचंही उत्तर इथेच आहे. मूळ कॅलिपर पिनवर सरकणारा असतो. डिस्क कलली तर तोही तिच्याबरोबर थोडा सरकतो आणि पिस्टन तेवढा मागे जात नाही. चार पिस्टनचा कॅलिपर बोल्टनं घट्ट बसलेला असतो, तो हलत नाही, त्यामुळे डिस्कची प्रत्येक हालचाल पिस्टनवर येते. माझा दोष आधीपासून होता, सरकणारा कॅलिपर तो बराचसा सोसत होता.

मियाटाचा पुढचा हब बेअरिंगसकट एकच तुकडा येतो, खोलून ग्रीस भरायची सोय नाही, पूर्ण बदलावा लागतो. चिकट टायर लावून ट्रॅकवर पळणाऱ्या मियाटांचे हब जातात, हे जाणकारांमध्ये जुनं ज्ञान आहे. रुंद टायर आले, वळणातला वेग वाढला, की तो सगळा भार मूळ १४ इंची अरुंद टायरसाठी बनवलेल्या बेअरिंगवर. दोन्ही हब नवीन बसवले, मधला नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळला. त्यानंतर एकदाही पेडल खोल गेलेलं नाही.

हब बदलायला वेळ असेल तोवरचा उपाय: ब्रेकच्या जागेच्या जरा आधी, सरळ रस्त्यावर डाव्या पायानं पेडलला हलकेच एकदा स्पर्श करा. पिस्टन पुन्हा जागेवर येतात. पण हा उपाय घरी जाईपर्यंतचाच आहे. प्ले असलेलं बेअरिंग तसंच ठेवून ट्रॅकवर जाऊ नये, चाकच निखळू शकतं.

जुन्या गाडीत आणखी काय सापडतं

मागच्या कॅलिपरमधली एक जागा मियाटावाल्यांनी जरूर बघावी. हँडब्रेकची यंत्रणा त्याच कॅलिपरमध्ये आहे आणि ती हातानं जुळवावी लागते. मागच्या बाजूला १४चा बोल्ट आहे, तो काढला की आत ४ मिलिमीटरच्या ॲलन कीनं फिरणारा स्क्रू. डिस्क अडेपर्यंत आवळायचा आणि एक तृतीयांश फेरा मागे घ्यायचा. हे कुणी वर्षानुवर्षं केलेलं नसलं तर मागचे पॅड डिस्कपासून लांब राहतात आणि पेडल पहिल्या दिवसापासून खोल लागतं. असं पेडल पाहून मास्टर सिलिंडर बदललेली माणसं मला भेटली आहेत.

सरकत्या कॅलिपरच्या पिना जॅम झाल्या की पॅड तिरके झिजतात. काढलेला पॅड आडवा धरून बघा, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ दिसला तर पिना काढा, साफ करा, सिलिकॉन ग्रीस लावा, रबराच्या टोप्या बदला. ब्रेक ऑइलचे तीस वर्षांचे रबरी होज (नळ्या) बाहेरून धडधाकट दिसले तरी आतून फुगून अरुंद झालेले असू शकतात. दाब जातो, परत येत नाही, ब्रेक चिकटून राहतो आणि ते चाक कारण नसताना तापतं. सेशननंतर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, एकच चाक वेगळं तापलं असेल तर तिथे शोधा.

डिस्कवर केसाएवढ्या बारीक रेषा ट्रॅकवर येतातच. नख अडकेल अशी भेग किंवा कडेपर्यंत पोचलेली भेग दिसली की डिस्क फेकायची. भोकं पाडलेल्या डिस्क ट्रॅकसाठी घेऊ नका, भेगा भोकांपासूनच सुरू होतात. साधी, गुळगुळीत, स्वस्त डिस्क घ्या आणि वेळेवर बदला.

मग मोठे ब्रेक कधी?

इंजिनला टर्बो बसवलाय, ताकद दुप्पट झालीय, चिकट, नक्षी नसलेले स्लिक टायर आहेत, चांगले पॅड आणि ताजं ऑइल असूनही लाल ठिपका उडतोय: तेव्हा मोठी डिस्क घ्याच, आणि हब नवीन असतील तेव्हाच घ्या. तोल जुळवायला मागच्या ब्रेकच्या लाइनवर हातानं फिरवायचा, दाब कमी-जास्त करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावा आणि मोकळ्या जागेत, कमी वेगात, पुढची चाकं मागच्यांच्या किंचित आधी लॉक होतील असा बसवा.

माझा संच मी काढून विकला. तो वाईट नव्हता. शर्यतीच्या अशा कॅलिपरना पिस्टनवर धूळ अडवणारी रबरं नसतात आणि मी गाडी पावसात, मातीत, दीडशे किलोमीटर चालवत ट्रॅकवर नेतो. टर्बो बसवलेल्या एका मित्राच्या गाडीवर तो आज उत्तम चाललाय. माझ्या गाडीवर पुन्हा २५५च्या डिस्क आहेत.

पुण्याचा माझा मावसभाऊ जुनी होंडा सिटी घेऊन चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जातो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, "दादा, ब्रेक तापतायत, मोठ्या डिस्क बघू का?" मी त्याला ट्रॅकचा नकाशा काढायला सांगितला. त्यानं पाठवलेल्या नकाशावर खुणा सगळ्यात वेगवान सरळ रस्त्याच्या शेवटी होत्या, पेडल मऊ होतं आणि दुसऱ्यांदा दाबूनही वर येत नव्हतं. गाडीत ऑइल तीन वर्षांपूर्वीचं. त्याला आधी तेवढंच बदलायला सांगितलंय, आणि ते करताना चारही चाकं वर-खाली धरून हलवून बघायला.